टायरांची जोडी

आमच्या घराचं मागचं डावं चाक फुटलं तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना सांगितलं आणि बहुतेकांनी मला परत विचारलं, की घराचं काय फुटलं म्हणालात? तेव्हा आधी घराचं सांगून घेते.

हे फोटोग्राफर. लग्न झालं तेव्हा हिंगोलीत बाजाराच्या तोंडाशी यांचं भाड्याचं दुकान होतं आणि वर राहायची खोली. वर्षभरात यांच्या डोक्यात आलं, की हिंगोलीतली फोटो काढून घेणारी सगळी तोंडं आता संपली. पुढची तोंडं खेड्यांत आहेत, ती काही आपल्याकडे यायची नाहीत, आपणच गेलं पाहिजे. यांच्या डोक्यात एकदा आलं की ते बाहेर काढणं माझ्या काय, ब्रह्मदेवाच्या हातातलं नव्हतं. कुणाची तरी मोडीत निघालेली मोटार यांनी घेतली, वरचा सांगाडा काढून टाकला आणि त्यावर सुताराकडून एक सागवानी खोली बसवून घेतली. दार, दोन खिडक्या, वर पत्रा. झालं आमचं मोटारघर.

आत एक बाज होती. बाजेखाली फोटोच्या काचांच्या पेट्या, तेव्हा फोटो काचेवरच उतरायचे. कोपऱ्यात स्टो, त्याच्या वर फळी, फळीला आडवं दांडकं, म्हणजे मोटार चालताना डबे अंगावर येऊ नयेत. एका खिडकीला लाल काच होती. दुपारी हे काचा धुवायला बसले, की बाकी सगळं बंद. दार उघडायचं नाही, दिवा लावायचा नाही, स्टो पेटवायचा नाही. एकदा बाहेर ठेवलेल्या दुधाला मांजर लागलं म्हणून मी दार उघडलं आणि एका पाटलाचं अख्खं खानदान क्षणात काळंठिक्कर केलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाटील त्यानंतर आमच्याशी कधीच बोलले नाहीत.

पण मला ते घर आवडायचं. आज सेनगावचा बाजार, उद्या वसमतचा, परवा हट्ट्याचा. सकाळी खिडकी उघडली की रोज नवं गाव. सासू नाही, जावा नाहीत, आणि शेजारीण आवडली नाही तर दोन दिवसांत ती आपोआप मागं पडते. एवढं सुख किती बायकांच्या वाट्याला येतं?

आवडत नव्हतं ते माझ्या बाबांना.

हट्ट्याजवळच्या एका खेड्यात बाबांची शेती होती. आई मी लहान असतानाच गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. मला वाढवलं आणि बैल वाढवले. बैलांची पारख त्यांच्यासारखी त्या भागात कुणाला नव्हती. दहा-दहा कोसांवरची माणसं बाजाराच्या दिवशी त्यांना गाडीत घालून न्यायची. एवढ्या पारखी माणसानं जावई निवडला तेव्हा पक्कं दुकान आणि वरची खोली बघूनच निवडला होता. त्याच जावयानं वर्षभरात दुकान बंद करून त्यांची पोर मोटारीत नेऊन ठेवली.

"मी पोरगी घराला देली, गाडीला न्हाई," बाबा म्हणाले. "ज्याला उंबरा न्हाई, जे सकाळी इथं आन सांजच्याला तिथं, त्याच्यात मी पाय ठेवनार न्हाई."

आणि नाही ठेवला. दोन वर्षं. हट्ट्याच्या बाजाराला आम्ही आलो की बाबा हमखास यायचे. शेंगा, गूळ, वाळकं, जे असेल ते गाठोडं खिडकीतून आत द्यायचे आणि समोरच्या झाडाखाली उकिडवे बसायचे. मी म्हणायची, "आत या नं बाबा." ते म्हणायचे, "बरा हाय इथंच." मग मी खिडकीत आणि ते झाडाखाली, अशा आमच्या बापलेकीच्या गप्पा. मधून बाजार जायचा. एखादी म्हैस मध्येच उभी राहिली की गप्पा थांबायच्या.

मला हे फार लागायचं. माझ्या संसारात येऊन बसावं असं माझ्याकडचं जगात एकच माणूस होतं, आणि ते बाहेर. मी फळी पुसायची, डबे लख्ख घासायची, बाजेवर धुतलेली चादर घालायची, आणि ते बघायला कोण, तर फोटोला आलेली गिऱ्हाइकं. एकदा, फक्त एकदा बाबांनी आत येऊन बाजेवर बसावं, इकडंतिकडं बघावं, एवढंच मला हवं होतं.

आता टायर. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत टायर मिळायचं नाव नव्हतं. आमची इतकी झिजली, की आतल्या कापडाच्या सुतळ्या बाहेर दिसू लागल्या. हिंगोलीला टायरांचे परवाने देणारा एक कारकून होता. त्याच्याकडे यांनी अर्ज केला. त्यानं बाहेर येऊन आमच्या घराला एक चक्कर मारली, दारातून डोकावून स्टो बघितला आणि विचारलं, "मकान है तो टायर कायकू होना? और गाडी है तो ये चूल्हा कायकू?"

हे म्हणाले, "दोनो है."

"दोनो का खाना फारम में नई है," असं म्हणून तो आत गेला. यांनी मग त्याचा फोटो काढला, फुकट, मागे राजवाड्याचा पडदा लावून. फोटो त्याला फार पसंत पडला. टायर मिळालं नाही.

लढाई संपली तरी आमची टायरं तीच. आणि अशा टायरांवर वसमतहून हट्ट्याला येताना मागचं डावं फुटलं. हे खाली उतरून त्याची दुर्दशा बघतात न बघतात तोच सोबत म्हणून उजवंही गेलं. माझं पीठ परातीसकट दारापर्यंत आलं. नशिबाची गोष्ट म्हणजे बाबांचं शेत तिथून हाकेच्या अंतरावर होतं. बाबांनी बैल आणले आणि आमचं घर ओढत शेतात, आखाड्यावर नेलं. आखाडा म्हणजे शेतातली राहायची जागा. तिथं बैलांचा कोठा आणि कोठ्याला लागून बाबांची खोली. पन्नास पावलांवर, विहिरीच्या पाटाशेजारी, आमचं घर मागून दगडांवर टेकवून ठेवलं.

मला वाटलं, आता तरी. महिना झाला, घर जागचं हललं नाही. मी बाबांना म्हटलं, "बाबा, आता तर ते कुठं जात पण नाही. आता या आत."

"उभी राहिली म्हनून मोटारीचं घर होत न्हाई," बाबा म्हणाले. "बैल बसला म्हनून त्याची खाट होती का?"

माझी भाकरी मात्र ते रोज खायचे. कोठ्यासमोर बसून. मी पन्नास पावलं ताट घेऊन जायची आणि पन्नास पावलं रिकामं ताट घेऊन यायची. येताना मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडायची.

इकडे यांना स्वस्थ बसवेना. ट्यूबची पार चिरगुटं झाली होती, पण वरचं टायर शिवून घेतलं तर चालेल, असं यांचं म्हणणं. मोटेच्या जुन्या चामड्याच्या पट्ट्यांनी यांनी भेगा शिवल्या. राहिली आतली हवा. हवेच्या जागी दुसरं काही भरता येणार नाही का? आधी गवत भरून बघितलं, ते दबून गेलं. मग यांना सरकी सुचली. बारीक, टणक, दाबून बसणारी. बाबांच्या कोठ्यात बैलांसाठी पोत्यांनी सरकी होती.

"घ्या," बाबा म्हणाले. "पन बैलाचं खानं मोटारीला घालनारा जावाई मी पयलाच पायला."

दोन दिवस हे मुसळानं टायरात सरकी ठासत होते. तिसऱ्या दिवशी चाकं चढवली, मोटार चालू केली, आणि खरंच सांगते, घर चाललं. विहिरीपर्यंत गेलं आणि परत आलं. आत भांडी एवढी वाजली की पाखरं उडाली, पण चाललं. दुसऱ्या दिवशी हट्ट्याला जायचं ठरवून यांनी घर पुन्हा पाटाशेजारी लावलं.

पाट जरा झिरपत होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सरकी बैलाला घालायची तर आधी भिजत घालतात, हे मात्र तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे बैलांनासुद्धा. सकाळपर्यंत टायरातली सरकी भिजून फुगली, चामड्याचे टाके उसवले आणि वास सुटला. बाबांनी बैल पाण्याला सोडले. ते पाण्याकडे गेलेच नाहीत.

मी आत वरणाला फोडणी देत होते. अचानक घर डावीकडे बसू लागलं. हळूहळू, अगदी अदबीनं. वरणाचं पातेलं सरकत सरकत फळीच्या टोकाला आलं आणि खाली गेलं. मी ओरडत दारात आले तर एक बैल डाव्या चाकाशी आणि दुसरा उजव्या चाकाशी. भेगेत जीभ घालून आरामात खात होते. डाव्यानं तर पट्टी दातात धरून ओढून काढली होती. बाबा "हाट हाट" करत धावत आले आणि आधी काय बघितलं असेल, तर बैलांचं तोंड.

"रबर पोटात गेलं असंल तर?" ते म्हणाले.

"आणि माझं वरण गेलं त्याचं?" मी म्हटलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

तीन दिवस बाबांनी शेण बघण्यापलीकडे दुसरं काम केलं नाही. बैलांना काहीच झालं नाही, उलट कांती चढली. टायरांचं मात्र आता काही शिल्लक नव्हतं. हे पायरीवर बसून राहिले होते. मीही रुसून आत. आणि चौथ्या दिवशी सकाळी बाबा डोक्याला मुंडासं बांधून, अंगात धुतलेली बंडी घालून आमच्या पायरीसमोर येऊन उभे राहिले.

आमच्याकडे रीत अशी, की आपल्या जनावरानं दुसऱ्याच्या पिकात तोंड घातलं, तर मालकानं आपणहून त्याच्या दारी जायचं आणि नुकसान भरून द्यायचं. मागायची वेळ येऊ द्यायची नाही. त्यात मान जातो. बाबांनी ही रीत जन्मभर पाळली होती.

"जावाईबापू," ते म्हणाले, "माज्या जनावरानं तुमच्या घराचे पाय खाल्ले. म्या भरून देतो."

ते घर म्हणाले होते. पहिल्यांदाच. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं, मी मात्र आतून ऐकलं आणि फडक्यात तोंड खुपसलं.

हे म्हणाले, "अहो मामा, सरकी तर तुमचीच होती."

"सरकी माजी, पन भरली तुमच्या चाकात. तुमच्या चाकात गेली की तुमची झाली. आता बोलू नका."

हिंगोलीला स्टेशनच्या मागे एकाकडे लष्करानं टाकून दिलेली टायरं आली आहेत, असं यांनी ऐकलं होतं. बाबा म्हणाले, गाडी जुंपतो. हे म्हणाले, वसमतहून रेल्वेनं जाऊ, एका दिवसाचं काम. बाबा काही ऐकेनात. "खाल्लं त्यायनी, वाहतीलबी त्येच." आणि मला म्हणाले, "तूबी चल माय. घर तुजं हाय."

दोन दिवस बैलगाडीनं जाऊन आम्ही टायर बघायला पोचलो. पत्र्याच्या आवारात टायरांचे ढीग लावलेले. दुकानदार हाडकुळा, बोलका माणूस होता. तो धावत पुढं आला, "आवो बाबा, देखो, एक से एक माल है!" बाबा आवाराच्या फाटकाशीच खाली बसले.

"बसल्या जाग्याहून बघू द्या," ते म्हणाले. जवळ गेलं की जनावर सावध होतं आणि मग त्याची खरी उभं राहण्याची ढब कळत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. दुकानदार त्यांच्याकडे आणि ढिगाकडे आळीपाळीनं बघत राहिला. बऱ्याच वेळानं बाबा उठले, एका टायराकडे बोट केलं आणि म्हणाले, "चालवून दावा."

"क्या?"

"चालवून दावा की. उभ्या मालाची काय परीक्षा करावं?"

हमालानं ते टायर आवारातून गडगडत नेलं आणि परत आणलं. बाबा डोकं तिरपं करून बघत होते. "ह्यो मागून फेकतो. दुसरा आना." दुसरा आणला, तिसरा आणला. बाबांनी वास घेतला, पाठीवर थाप मारली, रबराच्या खाचांत नख घालून बघितलं आणि म्हणाले, "ह्याचे दात घासले. म्हातारा हाय." मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक बैलाच्या मालकाला विचारत. "मालक काहून इकून राहिला?"

"अरे बाबा, मिलिटरी का माल है. लढाई खतम हो गई."

"म्हंजे काम ऱ्हायलं न्हाई म्हनून इकला. खोड हाय म्हनून न्हाई," बाबा मला म्हणाले. "हे बराबर कारन हाय."

तोवर यांनी स्वतःची पसंती करून ठेवली होती. कोपऱ्यात दोन टायरं काळीभोर चमकत होती, ओरखडा नाही. हे माझ्याकडे बघून हसले, म्हणजे बघ, तुझे बाबा वास घेत बसलेत आणि मी माल शोधला. बाबा आले. अंगठ्याला थुंकी लावली आणि त्या टायराच्या पाठीवरून घासली. अंगठा काळा झाला. मग नखानं एका ठिकाणी टोकरलं, तर बोटभर लांब मेणाची गुठळी बाहेर आली आणि खाली ही भेग.

"म्हाताऱ्या बैलाच्या शिंगाला असीच तेल-काजळी लावून आनतेत," बाबा शांतपणे म्हणाले. दुकानदार आभाळाकडे बघू लागला. मला हसू कुणाचं आलं, तर यांचं. अर्ध्या परभणी जिल्ह्याच्या तोंडावरचे देवीचे वण यांनी फोटोत पेन्सिलीनं बुजवले होते, आणि यांनाच ते ओळखता आलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. ते बरं झालं नाही. परतीच्या वाटेवर औंढ्यापर्यंत हे तोंड फुगवून होते.

बाबांना दुपारी एक टायर पसंत पडलं. मला वाटलं, सुटलो. पण आता त्याचा जोडीदार शोधायचा होता. दुकानदार म्हणाला, कुठलंही लावा, चालतं. यांनीही तेच सांगितलं. बाबा दोघांकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "एक उंच आन एक ठेंगना असला की जू तिरपं होतं. सगळं वझं ठेंगन्यावर येतं. मग त्यो खांदा टाकतो." त्यांनी धोतराच्या सुतानं पहिल्याचा घेर मोजला आणि दिवस कलेपर्यंत ढीग उपसायला लावले. पुढे कितीतरी वर्षांनी एका मिस्त्रीनं मला सांगितलं, की एका आसाची दोन्ही टायरं सारखीच पाहिजेत. मी म्हटलं, ते आम्हाला बैलांनी शिकवलंय. त्याला काही कळलं नाही.

जोडीदार सापडला तेव्हा बाबांनी विचारलं, "ह्यातला डाव्या अंगाला चालनारा कोनता आन उजव्या अंगाला कोनता?" बैलांचं तसं असतं. डावीकडे जुंपायची सवय झालेला बैल उजवीकडे जुंपला की बिथरतो. दुकानदार म्हणाला, टायराला तसलं काही नसतं. बाबांचा विश्वास बसेना. एवढं राबलेलं जनावर आणि त्याला आपली बाजू ठाऊक नाही? शेवटी दुकानदार टेकीला आला आणि म्हणाला, "ये बायाँ, ये दायाँ. बस?" बाबांनी तंबाखूच्या चंचीतला चुना काढून डाव्याला एक टिकली लावली, उजव्याला दोन.

मग भाव. बाबांनी खांद्यावरचं उपरणं दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि त्याखाली त्याची बोटं धरली. गुरांच्या बाजारात सौदा असाच होतो, कापडाखाली, बोटांच्या खुणांनी. चारचौघांत भाव बोलणं शोभत नाही. दुकानदारानं दचकून हात ओढला. "हाथ कायकू पकड्या?" आणि भाव मोठ्यानं सांगून मोकळा झाला. बाबा लाजून इकडंतिकडं बघू लागले. पुढची घासाघीस मीच मधे उभी राहून केली, कारण एक जण बोटं धरायला बघत होता आणि दुसरा बोटं लपवत होता. बैलाबरोबर दावं द्यायचीच रीत, म्हणून बाबांनी दोन ट्यूबाही वर मागून घेतल्या. आणि शेवटी म्हणाले, "आठ दिवस राबवून बघीन. खोड निगाली तर वापस."

"ले जावो बाबा, ले जावो," दुकानदार हात जोडून म्हणाला. त्याला बहुतेक जेवायचं होतं.

आखाड्यावर पोचल्यावर बाबांनी मला टायरांच्या पायांवर पाणी घालायला सांगितलं. नवी जोडी दारी आली की घालतातच. टायराचे पाय कुठले, म्हणून मी सगळीकडूनच घातलं, कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळला. यांनी चाकं चढवली, हवा भरली, घर दगडांवरून उतरलं. मी म्हटलं, आता उद्या निघायचं. बाबा परत कोठ्यासमोर बसणार, आणि परत तेच, मी खिडकीत आणि ते झाडाखाली. एवढं सगळं करून माझ्या पदरात काय पडलं?

पण बाबा गेले नाहीत. दारासमोर उभे राहिले.

"मागं बसून चाल बघितल्याबिगर मी कुनाच्याबी जोडीला बरी म्हनत न्हाई," ते म्हणाले. "तांब्या भरून आन. काठोकाठ."

ही त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत होती. नवी जोडी गाडीला जुंपायची, बाबांनी गाडीत बसून भरला तांब्या तळहातावर धरायचा, डोळे मिटायचे आणि गाडी हाकायला लावायची. किती पाणी कुठं सांडतं त्यावरून ते चाल सांगत. आणि ते सांगतील ते खरं. जनावराच्या बाबतीत ते कुणासाठी खोटं बोलले नाहीत, स्वतःचा बैल विकतानाही त्याची खोड आधी सांगायचे.

मी तांब्या भरून दिला. बाबांनी पायरीकडे बघितलं. मी बाजूला झाले आणि दात आवळून गप्प राहिले. एक शब्द बोलले असते तर ते माघारी फिरले असते. त्यांनी वहाणा काढल्या, एका हातानं चौकट धरली आणि आत आले. बाजेवर बसले. डोळे मिटले.

"हाका, जावाईबापू."

यांनी इतकी जपून मोटार आयुष्यात कधी हाकली नसेल, तरी पाणी सांडलंच. बाबांचं धोतर भिजलं. मी तांब्याकडे बघतच नव्हते. माझ्या बाजेवर माझे बाबा बसले होते, मला दुसरं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा उघडला.

"हे दांडकं काहून लावलं?"

"डबे पडू नयेत म्हणून."

"हं." मग दुसरा डोळा उघडला. "आन ती लाल काच?"

मी सांगितलं. ते बराच वेळ बघत होते. विहिरीला वळसा घालून मोटार परत आली, थांबली. बाबा म्हणाले, "मागच्या डाव्यात काईतरी वाटून राहिलं. उद्या पुन्हा बसावं लागंल."

यांनी डावं टायर तासभर तपासलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा तांब्या घेऊन बसले आणि उजव्यात दोष वाटला. तिसऱ्या दिवशी आमचं पेट्रोल संपलं. मी म्हटलं, आता काय? बाबा म्हणाले, "उभ्या चाकाचीबी परीक्षा असती. वझ्याखाली दबतं का, त्ये बघायला पायजे." आणि उभ्या मोटारीत येऊन बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, जेवल्यावर माणसाचं वजन वाढतं, तेव्हा जेवून बघू. मी बाजेसमोर ताट मांडलं. बाबा दोन भाकरी जेवले, मग तिसरी मागून घेतली, वझं पुरं व्हायला पाहिजे म्हणून. पाचव्या दिवशी बाजेवर आडवे झाले. "निजल्यावर बारीक हिसका कळतो," म्हणाले. मोटार जागची हलत नव्हती. बाबा दुपारभर घोरत होते आणि मी शेजारी बसून डाळ निवडत होते.

जागे झाले तेव्हा पत्र्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तकलीफ न्हाई ना माय, इथं?"

"न्हाई बाबा."

"जावाई?"

"चांगले आहेत. डोकं जरा फिरकं आहे."

"त्ये दिसलं," बाबा म्हणाले.

हे मात्र आता वैतागले होते. सेनगावचा बाजार गेला, हट्ट्याचा गेला. पेट्रोल तर यांनी कधीच आणून ठेवलं होतं. "अगं, मामांना सांग, टायर एकदम ठीक आहेत. किती दिवस बघणार?" मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? मेण लावलेली पसंत करणारे तुम्ही. गप बसा." हे गप बसले.

आठव्या दिवशी दुपारी यांनी पायरीपाशी येऊन रीतसर विचारलं. दुकानदाराची मुदत आज संपत होती. "मामा, काय ते सांगा. जोडी ठेवायची का वापस करायची?"

बाबा बाजेवर बसले होते. मी फळीपाशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्या घडीला मला वाटत होतं त्यांनी वापस म्हणावं. डाव्यात खोड आहे म्हणावं, उजव्यात म्हणावं, पुन्हा गाडी जुंपावी, पुन्हा दुसरी जोडी, पुन्हा आठ दिवस. मला कुठलाच बाजार नको होता. बाबांना माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. जन्म मुकी तोंडं वाचण्यात गेला होता त्यांचा.

ते खाली बघून चादरीची सुरकुती सरळ करत राहिले.

"ठेवा," ते म्हणाले. "दोष न्हाई त्यात." आणि मग हळूच, मला ऐकू जाईल एवढंच, "कवाच नव्हता."

एवढं बोलून ते उठले, चौकट धरून खाली उतरले, वहाणा घातल्या आणि बैलांना पाणी दाखवायला विहिरीकडे गेले. हे मोटार चालू करायला पुढे बसले. मी बाजेवर बसून रडत होते, म्हणून बराच वेळ यांनी मोटार चालू केली नाही.